वाट वाकडी करून

मुख्य रस्ता सोडून आडबाजूला जाण्याला मराठीत 'वाट वाकडी करणे' म्हणतात. अवचित दारात आलेल्या पाहुण्याला घरचा माणूस म्हणतो, 'वाट वाकडी करून आलात, बरे वाटले.' या बोलण्यात एक ऋण मान्य केलेले असते. सरळ वाट ज्याची त्याची असते. वाकडी वाट कुणासाठी तरी केलेली असते. डोंगर हिंडणाऱ्यांच्या बोलीत मात्र या शब्दांतला तो ओलावा राहिलेला नाही. त्यांच्या लेखी वाकडी वाट म्हणजे मुख्य पायवाटेला फुटलेला एक फाटा. हाताशी वेळ आणि पायांत बळ असेल तर तिकडे वळावे, नसेल तर तो फाटा पुढच्या खेपेसाठी ठेवून द्यावा. पुढची खेप असतेच, अशी तरुणपणी डोंगर चढणाऱ्या माणसाची समजूत असते. ती समजूत किती वर्षे टिकते, हे ज्याचे त्याला ठाऊक.

हरिश्चंद्रगड हा अशा फाट्यांचा गड आहे. ठाणे, पुणे आणि 2024 पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखला जाणारा अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर सह्याद्रीने हे विस्तीर्ण पठार उचलून धरले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचत गेले आणि त्यांचा हा काळा पाषाण झाला. पश्चिमेला, कोकणाच्या अंगाला, तो एकदम तुटून खाली गेला आहे. गडावर येणाऱ्या वाटा अनेक. जुन्नर तालुक्यातील खिरेश्वराहून टोलारखिंडीमार्गे येणारी वाट जुनी आणि लांबची. अकोले तालुक्यातील पाचनईची वाट जवळची. आणि कोकणातल्या बेलपाड्याहून नळीतून वर चढणारी वाट जाणत्यांनीच धरावी अशी अवघड. कुठूनही आले तरी माथ्यावर पोचताच वाटेचे बोट सुटते. एक पाऊलवाट हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाकडे जाते, एक केदारेश्वराच्या गुहेकडे, एक तारामतीच्या 1,429 मीटर उंच शिखराकडे आणि एक पश्चिमेला कोकणकड्याकडे. एका दिवसात चढून उतरायचे असेल, तर यांतले काय घ्यावे आणि काय सोडावे, हा हिशेब प्रत्येकाला करावा लागतो.

आश्विनातल्या एका पहाटे पाचनईहून निघालेल्या साठीच्या गृहस्थाने तो हिशेब घरूनच करून आणला होता. खिशातल्या घडी घातलेल्या कागदावर ठिकाणांची नावे एकाखाली एक लिहिली होती, आणि प्रत्येकापुढे मिनिटे. कोकणकडा तीन तास, तारामती दोन तास, देऊळ आणि पुष्करणी मिळून पाऊण तास, केदारेश्वर अर्धा तास. संध्याकाळी साडेपाचला गावात परत. आयुष्यभर कचेरीत तक्ते भरलेल्या माणसाचे ते अक्षर होते. मुलाने निघताना बजावले होते की गडावर मुक्काम करायचा नाही. आणि गुडघ्यांनी तेच अधिक स्पष्टपणे बजावले होते.

आदली रात्र त्याने वाटाड्याच्या घरी काढली होती. वाटाड्या त्याच्याच वयाचा, कदाचित दोन-चार वर्षांनी मोठा. गावातल्या बहुतेकांसारखा महादेव कोळी. डोंगरात हिंडणाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे तो त्याला 'मामा' म्हणत होता आणि मामा त्याला 'साहेब'. रात्री पिठले-भाकरी झाली; पडवीत घोंगडी अंथरली गेली. पण झोप लागली नाही. घराला लागून असलेल्या गोठ्यात एक वासरू रात्रभर हंबरत होते. थोडा वेळ थांबे, पुन्हा सुरू करी. कूस बदलताना तो मनात वैतागला होता, या लोकांना याची सवय असणार असेही त्याने स्वतःला सांगितले होते. पहाटे चारला मामींनी चहा दिला तो कोरा होता. त्याने तो मुकाट्याने घेतला आणि बुटांच्या नाड्या बांधल्या.

पाचनईच्या वाटेवर प्रारंभी झाडी आहे, मग खडकाची उभी भिंत लागते. ही भिंत माथ्याकडे पुढे झुकलेली आहे, आणि तिच्या पोटातून, एखाद्या लांबलचक ओसरीतून जावे तशी, वाट आडवी जाते. डोक्यावर पाषाणाचे छत, उजव्या-डाव्या हातांना कधी भिंत तर कधी दरी, आणि अवघड जागी लोखंडी कठडे. विजेरीच्या उजेडात ओला खडक चमकत होता. पाऊस सरला होता, तरी छताच्या कडेवरून पाण्याच्या धारा अजून सुटत होत्या, आणि त्या वाटेवर न पडता पलीकडे दरीत पडत होत्या. पाण्याच्या पडद्याच्या आतल्या बाजूने चालल्यासारखे वाटे. मामा पुढे. त्यांची चाल शांत, पण मधेच ते थांबत आणि मान वळवून वरच्या रानाचा कानोसा घेत. बिबट्याचा माग घेत असतील, असे त्याला वाटले आणि त्याने विजेरी घट्ट धरली.

माथ्यावर आले तेव्हा झुंजूमुंजू झाले होते. ओढा ओलांडला की देवळाचा कळस दिसतो. सुमारे 16 मीटर उंचीचे ते पाषाणशिल्प त्या वेळी निळसर धुक्यात बुडालेले होते. या परिसरात चांगदेव राहिले. इथल्या शिलालेखांतून त्यांचे नाव येते, आणि त्यांनी आपला 'तत्त्वसार' हा ग्रंथ शके 1234 मध्ये, म्हणजे इ. स. 1312 च्या सुमारास, इथेच रचला असे सांगितले जाते. कुठल्याही दिवशी थांबावे अशी ती जागा आहे. मामांनी चालता चालता छातीला हात लावला आणि ते पुढे झाले. तोही थांबला नाही. देऊळ दुपारीही तिथेच असणार होते. कोकणकड्यावरच्या ज्या गोष्टीसाठी तो आला होता, ती दुपारी नसते.

ती गोष्ट म्हणजे इंद्रवज्र. इंद्रधनुष्य अर्धे असते, इंद्रवज्र पुरते वर्तुळ. पाहणाऱ्याच्या पाठीशी सूर्य असावा, समोर आणि खाली दरीत धुके भरलेले असावे. मग धुक्यावर पाहणाऱ्याची सावली पडते आणि तिच्या मस्तकाभोवती सप्तरंगी वलय उमटते. कोकणकडा पश्चिमाभिमुख असल्याने हा योग सकाळचाच. ऊन चढले, धुके विरले, की संपले. विल्यम हेन्री साईक्स या इंग्रज कर्नलाने हे वर्तुळ हरिश्चंद्रगडावर पाहिले आणि त्याची नोंद 1835 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जर्मनीतल्या ब्रोकेन पर्वतावरही असाच देखावा दिसतो, आणि जगातल्या शास्त्रज्ञांनी त्याला त्या पर्वताचे नाव दिले आहे. सह्याद्रीतल्या गुराख्यांनी तो त्याच्याही आधी पाहिला असणार. पण गुराख्यांच्या नोंदी कुठे छापल्या जात नाहीत.

1994 सालच्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी तो याच कड्यावर उभा होता. सोबत त्याचा मित्र होता, एकाच चाळीत वाढलेला. त्या वेळी दोघे खिरेश्वराहून टोलारखिंडीने आले होते. तिशीतले पाय होते; वाटेतला एकही फाटा त्यांनी सोडला नाही. केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या गार पाण्यात उतरून पिंडीला प्रदक्षिणा घातली. तारामतीचे शिखर चढले. तिथून रतनगड, आजोबा, जीवधन ही नावे बोटाने मोजली. मग शेवटी, दुपार कलल्यावर, ते कड्यावर आले. धुक्याचा मागमूस नव्हता. कोकणातून वर येणारा वारा मात्र असा सुटला होता, की कड्याशी उभे राहून खाली काही टाकावे आणि ते उलट वर यावे. कडा नागाच्या फण्यासारखा आत वळलेला आहे आणि खालचे कोकण हजार मीटरांच्या आसपास खोल. तापलेल्या दरीतून वर येणारा वारा त्या वळणात सापडतो आणि माथ्यावर उसळतो. मित्राने खिशातले एसटीचे तिकीट काढून कड्यावरून सोडले. ते क्षणभर खाली गेले, मग भिरभिरत दोघांच्या डोक्यावरून मागे गवतात येऊन पडले. मित्र लहान मुलासारखा हसला. म्हणाला, 'हा कडा काही ठेवून घेत नाही.' आणि मग म्हणाला, 'आज इथेच गुहेत राहू. सकाळी इंद्रवज्र दिसेल. एक रात्र तर आहे.'

त्याने घड्याळ पाहिले. दुसऱ्या दिवशी सोमवार, साहेबांपुढे मांडायचा एक तक्ता बाकी, आणि खुबी फाट्यावरून कल्याणकडे जाणारी एसटी चुकवून चालणार नव्हते. 'पुढच्या वेळी नक्की,' तो म्हणाला. मित्राने हट्ट धरला नाही. तो हट्ट धरणाऱ्यांतला नव्हताच. गवतातले तिकीट उचलून त्याने खिशात ठेवले आणि दोघे उतरू लागले.

त्यानंतरच्या सोमवारचा तो तक्ता कशाचा होता, हे त्याला आता आठवत नव्हते. लग्ने झाली, बदल्या झाल्या, मुले मोठी झाली. दर दिवाळीला पत्रातून, मग दूरध्वनीवरून, 'या वर्षी गडावर' असे ठरत राहिले. मग दोन वर्षांपूर्वी मित्र गेला. आजारी पडला आणि तीन आठवड्यांत गेला. पुढच्या खेपेची जी यादी दोघांनी मिळून सांभाळली होती, ती एकट्याच्या हातात राहिली. त्या यादीतली एक तरी गोष्ट पुरी करावी, म्हणून तो आला होता. हे त्याने घरी सांगितले नव्हते. घरी त्याने सांगितले, की पाय मोकळे करून येतो.

साडेसातला ते कड्यावर पोचले. कड्याच्या काठाशी सोनकीची पिवळी फुले दाट उगवली होती आणि दवाने जड होऊन लवली होती. दरी धुक्याने काठोकाठ भरली होती. वारा अजिबात नव्हता. हे ठीक होते. हवे तसेच होते. फक्त पाठीमागच्या डोंगरधारेवर ढगांची एक जाड पट्टी होती आणि सूर्य तिच्या आड होता. तो काठापासून चार हात मागे, पोटावर पडून राहिला. मामा उकिडवे बसले. अर्धा तास गेला, तास गेला. धुके खाली हलत होते. कधी फाटे आणि त्यातून बेलपाड्याकडची भातखाचरे, हळदीची बोटे फिरवल्यासारखी पिवळी, दिसत आणि पुन्हा झाकली जात.

त्या वाट पाहण्यात त्याने मामांना मित्राची गोष्ट सांगितली. परक्या माणसाला सांगणे सोपे असते. मामांनी सगळे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, 'साहेब, तुमचे मैतर संगं असते तरी त्यांचं त्यांना दिसलं असतं, तुमचं तुम्हाला.'

'म्हणजे?'

'लई येळा बघितलंय मी. मी आन भाऊ, दोघं हितंच उभं. भाऊ म्हणं, कडं माझ्या डोक्याभवती हाये. मी म्हणं, खोटं बोलतो, ते माझ्याभवती हाये. भांडाण झालं. आमची सावली शेजारी शेजारी, पन त्याच्या सावलीला मला काय दिसना, माझ्या सावलीला त्याला काय दिसना. म्हातारा हसला. म्हनला, ज्याचं त्याला दिसतं. दुसऱ्याच्या डोक्याभवती काय हाये ते नाय दिसत कोणाला.'

हे खरे होते. त्याने शाळेत भौतिकशास्त्र शिकले होते आणि थोडा विचार करताच ते त्याच्या ध्यानात आले. वलय उमटते ते सूर्य आणि पाहणाऱ्याचा डोळा यांना जोडणारी रेषा पुढे जिथे पोचते त्या बिंदूभोवती. डोळे दोघांचे वेगळे, म्हणून बिंदूही वेगळे. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या सावलीला तेज नसते; निदान आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही. तीस वर्षे तो समजत आला होता की एक दृश्य दोघांनी मिळून पाहायचे राहून गेले. तसे दृश्य मुळात नव्हतेच. राहून गेली होती ती एक रात्र.

साडेनऊच्या सुमारास ढगांच्या पट्टीतून ऊन फुटले. तो धडपडत उठला. पण धुके तोवर खाली सरकले होते आणि विरळ झाले होते. त्याची सावली कड्याच्या काठावरून पुढे गेली, धुक्याच्या एका फाटक्या तुकड्यावर क्षणभर टेकली आणि त्या तुकड्याबरोबर विरून गेली. रंग काही उमटले नाहीत. मामा म्हणाले, 'आज नाय.'

त्याने खिशातला कागद काढला. कड्याची वेळ संपत आली होती. आता तारामती. पण गुडघे दुखत होते, आणि मनात वेगळेच आले होते. वलय नाही तर नाही. दुपारचा वारा तरी पाहावा. तिकीट परत आणून देणारा वारा. त्यासाठी दोन-तीन वाजेपर्यंत इथेच बसावे लागणार होते. सकाळचे धुके आणि दुपारचा वारा, ही दोन्ही हवी असतील तर कड्याला सबंध दिवस द्यावा लागतो, हे 1994 मध्ये कळले असते तर! त्याने पेन्सिलीने तारामतीवर काट मारली आणि मामांना सांगितले, 'शिखरावर नको जायला. आज इथेच बसू.'

'बरं,' मामा म्हणाले.

ते 'बरं' त्याने ऐकले, आणि मग थोड्या वेळाने, एखादा आवाज उशिरा कानावर यावा तसे, पुन्हा ऐकले. मामा उठून पाच-पन्नास पावले मागे गेले होते आणि तारामतीच्या उताराकडे तोंड करून उभे होते. ते परत आले, बसले, पुन्हा उठले. सकाळपासून ते असेच करत होते. वाटेत थांबून ऐकत होते. बिबट्याचा माग घेणारा माणूस इतक्या वेळा एकाच दिशेला पाहत नाही. अकराच्या सुमारास त्याने विचारले, 'मामा, काही पाहताय का?'

मामांना सांगायचे नव्हते. मग त्यांनी सांगितले. त्यांची गाय परवापासून घरी आली नव्हती. वरच्या पठारावर चरायला आलेली गुरे संध्याकाळी उतरली, त्यांत ती नव्हती. काल दिवसभर भाऊ आणि मुलगा हिंडले. देवळाकडचे रान झाले, ओढा झाला, तारामतीच्या अंगाला जायचे राहिले. आज भाऊ भाताच्या कापणीला मजुरीवर गेला होता आणि मुलगा राजूरला. 'तुमच्या कागदात तारामती हुती, तवा म्हनलं जाता जाता बघू,' मामा म्हणाले. 'लहान वासरू हाये घरला. दोन दीस झालं, दूध नाय त्याला.'

रात्रभर हंबरणारे वासरू. कोरा चहा. ज्या फाट्यावर त्याने मघाशी पेन्सिलीने काट मारली होती, त्याच्यावर या माणसाचा जीव टांगलेला होता. आणि तरी तो 'बरं' म्हणाला होता, कारण दिवस साहेबांनी विकत घेतलेला होता. गडावरच्या ज्या वाटा त्याच्या कागदावर मर्जीच्या होत्या, त्या पाचनईच्या माणसाला रोजच्या होत्या: सरपणाच्या, गुरांच्या, पाण्याच्या. त्यांना आडवाट म्हणावे अशी सवड तिथे कुणाला नव्हती.

तो उठला. काठ सोडण्यापूर्वी त्याने एकदा दरीकडे पाहिले. धुके पुरते ओसरले होते, कोकण स्वच्छ दिसत होते आणि वारा सुटायला अजून अवकाश होता. 'चला मामा,' तो म्हणाला, 'तारामतीकडे जाऊ.'

शिखराची मळलेली वाट त्यांनी धरलीच नाही. गुरांच्या पायांनी पडलेल्या बारीक वाटांवरून ते उताराला आडवे शिरले. कारवीचे रान डोक्याएवढे होते. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि हे तिच्या फुलण्याचे वर्ष नव्हते. नुसती खरखरीत पाने आणि काठ्या. मामा मधेमधे हाक घालत. ती हाक माणसाला घालायची नव्हती. 'हो' आणि 'ह्या' यांच्या मधला एक लांब स्वर होता, आणि तो समोरच्या खडकावरून परत येई. दोन तास असे गेले. त्याचा गुडघा सुजला होता. एका वळणावर मामा थांबले, हात वर केला. खालून, अगदी जवळून, एक घोगरा हुंकार आला.

एका घळीच्या तोंडाशी, वरून दीड-दोन पुरुष खाली, गवताचा अरुंद पट्टा होता, आणि त्यावर गाय उभी होती. तांबडी, बारीक चणीची. ओल्या कातळावरून घसरून ती तिथे गेली असावी. पुढे दरी होती आणि मागे तोच कातळ. पट्ट्यावरचे गवत तिने मुळापर्यंत खाल्ले होते. कास तटतटून फुगली होती. मामा काही बोलले नाहीत. कमरेचा कोयता काढून त्यांनी कारवी तोडायला सुरुवात केली. तोडलेल्या काठ्या आणि पाला ते निसरड्या कातळावर आडव्या-उभ्या रचत गेले, पायांना पकड मिळावी म्हणून. मग सोल घेऊन ते पट्ट्यावर उतरले. तिच्या शिंगांना दोर बांधून त्यांनी दुसरे टोक वर फेकले. एका झाडाच्या बुंध्याला वेढा देऊन ते टोक धरून ठेवायचे, गाय एक पाऊल चढली की तेवढा दोर ओढून घ्यायचा, आणि ती घसरली तर सोडायचा नाही. एवढेच काम त्याला होते.

ते काम एकट्या माणसाला जमणारे नव्हते. गाय पहिल्यांदा अर्ध्यावर आली आणि घसरली. दोर बुंध्यावर करकरला, त्याच्या तळव्यांची साल निघाली, पण वेढा टिकला. दुसऱ्यांदा मामांनी मागून खांदा लावला. गायीने मान ताणली, डोळे पांढरे केले, आणि काठ्यांचा कडकड आवाज करीत ती एका उसळीत वर आली. वर येताच ती थरथरत उभी राहिली. मामा तिच्या मागून चढून आले, तिच्या मानेवर हात ठेवून तसेच उभे राहिले आणि बराच वेळ तोंड दुसरीकडे करून दरीकडे पाहत राहिले. अडीच वाजले होते. कड्यावर आता वारा सुटला असेल, असे त्याच्या मनात येऊन गेले. तेवढेच.

परतताना ते देवळापाशी थांबले, पण गायीला पाणी पाजण्यासाठी. मामांनी तिला ओढ्यावर नेले. तो लंगडत केदारेश्वराच्या गुहेच्या तोंडाशी गेला. आत तेच गार, काळे पाणी, मधोमध तीच प्रचंड पिंडी आणि तिच्याभोवतीच्या चार खांबांपैकी उरलेला तो एक. हे खांब म्हणजे चार युगे आणि शेवटचा खांब तुटला की जग संपते, असे लोक सांगतात. 1994 मध्येही एकच उरला होता. तो पाण्यात उतरला नाही. काठावर बसून त्याने दोराने सोललेले तळवे पाण्यात धरले. पाणी इतके गार होते की आग थांबली. मित्राने या पाण्यात बुडी मारली होती आणि ओरडत वर आला होता, त्याची आठवण आली, हसूही आले. बरोबरच्या त्या माणसाला कड्यावर रात्र काढण्याची इतकी ओढ का लागली होती, हे आपण त्या दिवशी विचारलेच नाही, हेही तिथे बसल्यावर त्याच्या लक्षात आले. काही कारण असेल. कदाचित नसेलही. विचारायला एक वाक्य पुरले असते.

उतरताना क्रम बदलला. पुढे गाय, तिच्या मागे मामा, शेवटी तो. झुकलेल्या कातळाच्या त्या ओसरीत गायीच्या खुरांचा आवाज घुमत होता. तिला घाई होती. मामांना दोर ओढून तिला आवरावे लागत होते. पहाटे अंधारात जी दरी नुसती कल्पनेने जाणवली होती, ती आता उजेडात दिसत होती, पिवळ्या पडलेल्या भाताची आणि खोलवर वाहणाऱ्या पाण्याची. गाव दिसू लागण्याच्या आधी गोठ्यातल्या वासराचा आवाज आला. गायीने एकदाच उत्तर दिले आणि मग मामांनी दोर हातातून सोडून दिला.

सूर्य मावळला होता. साडेपाचची वेळ टळून गेली होती. अंगणात मामींनी त्याच्या तळव्यांना खोबरेल लावले. त्याने ठरलेले पैसे काढले, तेव्हा मामांनी त्यांतल्या दोन नोटा वेगळ्या करून परत पुढे धरल्या. अर्धा दिवस तर आपल्याच कामात गेला, त्याचे कसे घ्यायचे, असे त्यांचे म्हणणे होते.

'साहेब,' ते म्हणाले, 'माझ्यापायी तुमची वाट वाकडी झाली.'

त्याला यावर काही बोलता आले नाही. त्याने नोटा मामांच्या हातात तशाच मिटल्या आणि गोठ्याकडे पाहिले. वासरू कासेला ढुसण्या देत होते आणि गाय मान वळवून त्याची पाठ चाटत होती. तेवढ्यात आतून चहा आला. तो दुधाचा होता; वासराचे पोट भरेपर्यंत थांबून मामींनी राहिलेले वाटीभर काढले होते.